आमच्या घरचें दुबळें यंत्र

संसारांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांच्याविषयीं घरांतलें कोणीहि कधीं चांगलें बोलत नाहीं, आणि तरीहि त्या घर सोडून जात नाहींत. आमच्या आगरदांड्याच्या घरांत अशा वस्तूंची वाण नाहीं. ओटीवर एका अंगास कललेला झोपाळा आहे, ठोके देण्याचें सोडून दिलेलें घड्याळ आहे, आणि २०१८ सालीं आमच्या चिरंजीवांनीं पुण्याहून पाठविलेला एक लॅपटॉप आहे. विजेचें बिल भरावें, बँकेंतील शिल्लक पाहावी, एखादें कीर्तन ऐकावें, यापलीकडे त्याच्यापाशीं आम्हीं कधीं कांहीं मागितलें नाहीं. सकाळीं त्याची कळ दाबून आम्ही स्नानास जात असूं, आणि संध्या आटोपून यावें तों तो नुकता कोठें जागा होत असे. आमच्या सौभाग्यवतीनें त्याचें नांव कुंभकर्ण असें ठेविलें होतें.

अशा या कुंभकर्णास २०२५ च्या मे महिन्यांत आमच्या नातवानें लढाईवर काढण्याचें मनांत आणलें, त्याची ही हकीकत आहे.

नातू तेरा वर्षांचा. दरवर्षीं परीक्षा आटोपली कीं तो आमच्याकडे येतो. ताम्हिणीचा घाट उतरून माणगांव, म्हसळें करीत दिघीस यावयाचें, आणि तेथें तरीवर चढून राजपुरीची खाडी ओलांडली कीं आगरदांड्याचा धक्का लागतो. तर अजून खाडीच्या मध्यावर असते तोंच याची बडबड आम्हांस धक्क्यावर ऐकूं यावी, असा दरसालचा परिपाठ. त्या वर्षीं मात्र तो मुकाट्यानें उतरला. बरोबर सूनबाई होत्या. त्या एक रात्र राहून परत गेल्या. चिरंजीव आले नाहींत. "ऑफिसांत काम फार आहे," एवढेंच ते फोनवर बोलले. मुलगा अबोल कां झाला असें आम्हीं घरांत विचारलें, तेव्हां "वयच तसलं आहे," असा निकाल मिळाला, आणि आम्हींहि तो मान्य केला.

तिसऱ्या दिवशीं त्यानें खेळ मांडला. खेळाचें नांव 'राजी'. व्हिडिओ गेम म्हटला म्हणजे परदेशांतले शिपाई परदेशांतल्या रस्त्यांवर एकमेकांस गोळ्या घालतात, एवढीच आमची समजूत. परंतु हा खेळ आपल्या पुण्यांतच 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनीं तयार केलेला आहे असें ऐकून आम्हीं चष्मा पुसला. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी एक पोर. तिच्या धाकट्या भावास राक्षस पळवून नेतात, देवी दुर्गा तिच्या हातीं त्रिशूळ देते, आणि ती पोर वाडे, किल्ले आणि वाळवंट तुडवीत भावाच्या शोधास निघते. मधून मधून छायाबाहुल्यांच्या खेळाच्या रूपानें कथाभाग सांगितला जातो. हा खेळ पुरा करण्यास त्या मंडळींस थोडे कष्ट पडले नाहींत. २०१७ सालीं त्यांनीं इंटरनेटवरून लोकवर्गणी जमविण्याचा यत्न केला, तो फसला. तेव्हां संस्थापकांपैकीं श्रुति घोष यांनीं आपला फ्लॅट विकून काम चालू ठेविलें. २०२० च्या ऑगस्टांत खेळ बाहेर पडला, आणि त्याच वर्षीं जगांतील मोठ्या पारितोषिकांच्या यादींत उत्कृष्ट पहिल्या कृतीसाठीं त्याचें नामांकनहि झालें. घर विकून केलेला खेळ, हें ऐकून आमच्या घरांतून एक दीर्घ "अगबाई" तेवढें ऐकूं आलें.

खेळ फोनच्या इंटरनेटवरून रात्रभर उतरत होता. सकाळीं कुंभकर्ण जागा झाला, राजी पडद्यावर आली, आणि तिनें एका कट्ट्यावरून दुसऱ्या कट्ट्यावर उडी घेतली. ही उडी आमच्या चांगली स्मरणांत आहे. तिनें जमीन सोडली तेव्हां सौभाग्यवती तांदूळ धूत होती. ती खालीं टेकली तेव्हां आधण आलें होतें. अतिशयोक्ति थोडी असेल, पण फार नाहीं. यंत्राच्या पोटांतून मात्र गिरणीसारखा घरघराट येत होता, आणि त्याच्या बुडाशीं हात लावून पाहिला तों तवा तापला होता.

"आठ," नातू म्हणाला.

आठ काय, असें आम्हीं विचारलें. त्यावर त्यानें जें सांगितलें, आणि पुढील आठवड्याभरांत जें जें आमच्या पदरीं पडलें, तें येथें थोडक्यांत मांडतों. पडद्यावरील माणूस चालतो तो खरोखर चालत नाहीं. यंत्र एका सेकंदांत पुष्कळ स्थिर चित्रें काढून दाखवितें आणि आपला डोळा फसतो. साठ चित्रें निघालीं तर हालचाल लोण्यासारखी. तीस निघालीं तर चालण्याजोगी. वीसांच्या खालीं गेलीं कीं खेळणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. आमच्या यंत्रांतून आठ निघत होतीं. सिनेमाप्रमाणें चित्रें आगाऊ काढून ठेविलेलीं असतीं तर प्रश्न नव्हता. परंतु येथें खेळणारा कोणत्या दिशेस वळेल तें आधीं ठाऊक नसल्यामुळें प्रत्येक चित्र तेथल्या तेथें, त्या क्षणीं काढावें लागतें. आमच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ असे ठिपके आहेत. म्हणजे सुमारें साडेदहा लक्ष ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा तेव्हां कोठें एक चित्र पुरें होतें, आणि सेकंद संपण्यापूर्वीं अशीं तीस!

मोठ्या खेळांसाठीं ज्या यंत्रांची रचना केलेली असते, त्यांत या कामाकरितां निराळा कारखानाच बसविलेला असतो. त्याची स्मरणशक्ति स्वतंत्र, त्याचे पंखे स्वतंत्र, आणि वीज खाण्याची भूक शंभर वॅटांच्याहि पुढें. आमच्या यंत्रांत आय-थ्री जातीची एकच चकती, तिला दोन गाभे, आणि हिशेब व चित्रकला अशीं दोन्ही कामें तिनेंच करावयाचीं. तिच्या सगळ्या मेहनतीचा हिशेब पंधरा वॅटांत बसविलेला. ओटीवरचा आमचा एलईडी दिवा जवळजवळ तेवढाच आहे. शिवाय चित्रें काढणाऱ्या भागाला स्वतःची मेमरी नाहीं. घराच्या चार गिगाबाइटांतून त्यानें उसनी घ्यावयाची, आणि त्या चारांतील निम्म्यावर तर विंडोज आधींच पाय पसरून बसलेलें. एका चुलीवर लग्नघरचा स्वयंपाक काढावा तसा हा प्रकार.

एवढें कळल्यावर शहाणा मनुष्य खेळ बंद करील. नातवानें नोटपॅड उघडलें.

खेळाच्या पोटांत एक लहानशी फाइल असते आणि तींत खेळाच्या साऱ्या हौशी आंकड्यांनीं लिहिलेल्या असतात, हें आम्हांस त्या दिवशीं समजलें. सावल्यांची प्रत किती, धुराची किती, गवताचीं पातीं किती, लांबचा देखावा कोठवर दिसावा, सर्व कांहीं आंकड्यांत. आमचा नातू तीनच्या जागीं एक लिही, एकच्या जागीं शून्य लिही, खेळ चालवून पाही, आणि वहींत टांचण करी. वही आम्हीं डोळ्याखालून घातली. डाव्या बाजूस काय कमी केलें, उजव्या बाजूस किती चित्रें मिळालीं. चुलत आजोबांच्या दुकानाची खतावणी आमच्या लहानपणीं आम्हीं पाहिली होती, तिची आठवण झाली. सर्वांत मोठा लाभ ठिपके कमी केल्यानें झाला. ६४० आणि ३६० असा हिशेब धरला म्हणजे दोन लक्ष तीस हजार चारशें ठिपके होतात; मूळच्या चौथाईहूनहि कमी. चित्र अर्थात् धुरकट होतें, चष्म्यावर वाफ आल्यासारखें. पण आठाचे तेरा झाले.

सावल्या शून्य केल्या त्या दिवशीं सौभाग्यवती मागें येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, "अरे, हिची सावली कुठं गेली?"

"काढून टाकली, आजी. सावलीला फार वेळ लागतो."

"मग ही माणूस नव्हे. दमयंतीनं नळाला कसा ओळखला? पांच नळ उभे होते, त्यांतले चौघे देव. देवांची सावली पडत नाहीं, म्हणून तर कळलं."

नातवानें मागें वळून पाहिलें. गेल्या चार दिवसांत त्याच्या तोंडावर हंसूं आम्हीं प्रथमच पाहिलें. "पुढच्या वेळीं सावली ठेवीन," तो म्हणाला, "यंत्रानं ऐकलं तर."

येथें आम्हांस एक जुनी गोष्ट आठवते ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९९६ सालीं चिरंजीवहि असेच चौदा वर्षांचे होते. त्यांच्या हट्टापायीं आम्हीं अलिबागेहून एक जुना संगणक विकत आणला. त्या काळीं 'डूम' नांवाच्या खेळाची फार चलती होती; १९९३ सालीं तो अमेरिकेंत निघाला होता. आमच्या त्या संगणकाच्या मानानें तो खेळ भारी. परंतु खेळ करणारांनीं एक सोय ठेविली होती: पडद्यावरील खिडकी लहान लहान करीत न्यावयाची, म्हणजे यंत्राचें काम तेवढें हलकें होतें. चिरंजीवांनीं ती खिडकी इतकी लहान केली होती कीं, भलामोठा पडदा सगळा काळा आणि मध्यें टपालाच्या तिकिटाएवढी लढाई. त्या तिकिटाकडे नाक लावून ते तासन् तास बसत. आम्ही त्यांस पुष्कळ बोललों. डोळे जातील, गणित जाईल, असें जें बाप बोलतात तें सर्व बोललों. गणित कांहीं गेलें नाहीं. त्याच बळावर पुढें त्यांस पुण्यांत नोकरी लागली.

राजीच्या बाबतींतहि करणारांनीं आधींच थोडी काटकसर करून ठेविली आहे, असें नातू म्हणाला. हा खेळ प्रथम निघाला तो निंटेंडो कंपनीच्या हातांत धरण्याच्या एका लहान यंत्रावर, आणि त्या यंत्रालाहि सर्व मिळून चारच गिगाबाइट मेमरी असते. "मग आपल्याकडे कां नाहीं चालणार?" हें त्याचें म्हणणें आम्हांस बिनतोड वाटलें. तो तज्ज्ञ नव्हता, आम्हीहि नव्हतों, त्यामुळें दोघांचें एकमत होण्यास अडचण आली नाहीं.

आतां अडचण उरली उष्म्याची. वैशाखांतील कोंकण वाचकांस ठाऊक आहे. माणसाच्या अंगावरचा घाम वाळत नाहीं तेथें यंत्राची काय कथा! चकती तापून हाताबाहेर जाऊं लागली कीं जळून जाण्यापेक्षां ती आपण होऊन आपली चाल मंद करिते. उन्हांतला हमाल सावलींत बसतो तसें. म्हणजे पहिलीं दहा मिनिटें तेरा चित्रें, आणि नंतर पुन्हां आठ. नातवानें पंख्याच्या झरोक्यांतून रंगाच्या ब्रशानें धूळ काढली; ती ओलसर, खारट, चिकटून बसलेली. मग लॅपटॉपखालून वारा खेळावा म्हणून त्यानें नारळाच्या चार करवंट्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर यंत्र ठेविलें. आम्हीं जन्मभर करवंट्या बंबांत जाळल्या. त्यांचा हा उपयोग आम्हांस कधीं सुचला नसता. शेवटीं त्यानें वेळहि बदलली. पहाटे पांच वाजतां, खाडीवरून गार वारा असतो आणि विजेचा दाबहि स्थिर असतो, तेव्हां तो उठून बसूं लागला. आम्ही काकडआरतीस उठावें तों माजघरांत निळसर उजेड, पालथ्या करवंट्या, आणि आवाज बारीक करून त्रिशूळ चालविणारी ती पोर.

याच सुमारास आम्हांस वाटूं लागलें कीं, हें फार झालें. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि आपण त्याला करवंट्यांवर बसविलें आहे. आम्हीं चौकशी केली. खेळासाठीं नीट चालेल असा लॅपटॉप साठ सत्तर हजारांस पडतो. रक्कम थोडी नव्हे. परंतु चिरंजीव दरमहा पैसे पाठवीत होते, त्यांतून शिल्लक पडली होती. संध्याकाळीं झोपाळ्यावर बसून आम्हीं मोठ्या ऐटीनें विषय काढला.

"नको," नातू म्हणाला.

संकोच असेल म्हणून दुसऱ्या दिवशीं पुन्हां काढला. "नको म्हटलं ना, आजोबा." तिसऱ्यांदां काढला तेव्हां तो उठून वाडींत निघून गेला. आम्हांस राग आला. देणाऱ्याचा हात झिडकारला कीं येतो तसला, आपण फार उदार आहों अशा समजुतींतून येणारा राग. "आजकालच्या पोरांना घेण्याचीहि रीत ठाऊक नाहीं," असें आम्ही मोठ्यानें, त्याला ऐकूं जाईल अशा बेतानें बोललों. या वाक्याची आम्हांस आजहि लाज वाटते.

पुढें दोन दिवसांनीं तोच आमच्याजवळ आला. मुरूडास दुरुस्तीच्या दुकानीं जुन्या लॅपटॉपांतून काढलेली चार गिगाबाइटची मेमरीची पट्टी मिळते, आमच्या यंत्रांत अशा दुसऱ्या पट्टीसाठीं खांच मोकळी आहे, आणि दोन पट्ट्या झाल्या कीं नुसती जागाच दुप्पट होत नाहीं, तर माल नेण्याआणण्याचा रस्ताहि दुपदरी होतो. उसनवारीवर जगणाऱ्या चित्रकाराला हा रस्ताच अधिक महत्त्वाचा. किंमत आठशें रुपये. पैसे तो स्वतःचे देणार होता. मुंजींत भिक्षावळीचे मिळालेले त्यानें अजून ठेविले होते. आम्हीं फक्त बरोबर यावयाचें.

मुरूडाहून परततांना आम्हीं रिक्षा राजपुरीपाशीं थांबविली. समोर पाण्यांत जंजिरा उभा होता. मुलगा शेजारीं असला कीं आम्हांस इतिहास सांगण्याचा झटका येतो. तसा तेव्हांहि आला. संभाजी महाराजांनीं १६८२ सालीं हा किल्ला घेण्यासाठीं किनाऱ्यापासून दगडांचा भराव घालीत समुद्रांतून वाट करण्याचा उद्योग आरंभिला होता, तें आम्ही सांगूं लागलों.

"मग पुरा झाला का भराव?"

"नाहीं. मोगलांची फौज कोंकणांत उतरली. महाराजांना परत फिरावं लागलं."

"म्हणजे दुसरीकडे गरज लागली म्हणून." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हातांतल्या पुडीकडे पाहात म्हणाला, "आजोबा, तुम्ही नवा लॅपटॉप घेऊं नका. ते पैसे बाबांचे आहेत. बाबांचं ऑफिस जानेवारीपासून नाहीं."

आम्हीं कांहीं बोललों नाहीं. तो पुढें भराभर सांगूं लागला. इतके दिवस तुंबलेलें पाणी फुटावें तसें. खात्यांतल्या पुष्कळ लोकांस एकदम काढलें. बाबा रोज सकाळीं कपडे करून बाहेर जातात, वाचनालयांत बसतात, अर्ज लिहितात. घरचा चांगला संगणक मार्चमध्यें विकला. गांवीं सांगावयाचें नाहीं असें ठरलें आहे. "मी सांगितलं असं म्हणूं नका."

येथें आमच्या वाडीविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, त्या एका दुपारीं आमच्या दोनशें पोफळींपैकीं नऊ उभ्या राहिल्या. घराचीं कौलें गेलीं, वीज तर कित्येक दिवस नव्हती. नारळ पडला तर मनुष्य हळहळतो. परंतु पोफळीची बाग झोपली म्हणजे घराचा वर्षाचा हिशेबच झोपतो, आणि नवें रोप फळास येण्यास सहा सहा वर्षें लागतात. तेव्हांपासून चिरंजीव दर महिन्याच्या पांच तारखेस आम्हांस पैसे पाठवीत आले. रोपें त्यांनींच घेऊन दिलीं. पांच तारखेस सकाळीं कुंभकर्णाची कळ दाबून, स्नान करून येऊन, जमा झालेला आंकडा आम्ही पाहात असूं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. पांचहि महिने आंकडा तोच होता, आणि पांचहि महिने आम्हीं तो पंचांगांतल्या तिथीसारखा पाहिला होता.

दोन दिवस आम्हीं ही गोष्ट पोटांत ठेविली. तिसऱ्या रात्रीं सौभाग्यवतीस सांगितली, तों तिनें मान हालविली. "सूनबाईच्या हातांत पाटल्या नव्हत्या," ती म्हणाली. "मला वाटलं, प्रवासांत नको म्हणून काढून ठेवल्या असतील. म्हणजे, तसं वाटून घेतलं."

चिरंजीवांस आम्हीं फोन केला. नातवास दिलेला शब्द मोडावयाचा नव्हता, म्हणून आधीं मनांत जुळवाजुळव करून ठेविली होती. बागेनें यंदां उचल खाल्ली आहे, नव्या पोफळी फुलावर आल्या आहेत, तेव्हां पुढच्या महिन्यापासून पैसे पाठविण्याचें कारण नाहीं, असें आम्हीं खुशींत सांगितलें. पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं.

"बाबा, पोफळ इतक्या लवकर येत नाहीं."

"कांहीं आल्या आहेत."

"किती?"

खोटें बोलण्याचा आम्हांस सराव नाहीं. "सहा," आम्ही म्हणालों.

ते हंसले. मग म्हणाले, "शनिवारीं येतों."

त्या वर्षीं पावसानें कमालीची घाई केली. २६ मे रोजीं तर तो मुंबईस येऊन ठेपला. त्याच्या आधींचे दोन दिवस आमच्याकडे आभाळ फाटल्यासारखा कोसळत होता. शनिवारीं दुपारीं तर बंद राहिली, संध्याकाळीं एकदांची सुटली, आणि चिरंजीव डोक्यावर पिशवी धरून भिजत धक्क्यावर उतरले. वजन उतरलेलें दिसलें. आम्हीं विचारलें नाहीं, त्यांनीं सांगितलें नाहीं. सौभाग्यवतीनें मऊ भात, मेतकूट आणि तूप वाढलें. ते तीनदां घेऊन जेवले आणि झोपले.

पहाटे पांचास आम्ही उठलों तेव्हां माजघरांत दोन डोकीं होतीं. लॅपटॉप उताणा पडला होता, त्याची पाठ काढलेली. नवी पट्टी नातवानें आधींच बसविली होती, आणि तेव्हांपासून तेराचे एकवीस झाले होते. पण चिरंजीवांनीं आणखी खोल हात घातला. चकती आणि तिचा तांब्याचा पत्रा यांच्यामध्यें उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो, तो सात वर्षांत वाळून खडू झाला होता. तो त्यांनीं स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसला आणि पिशवींतून एक लहानशी पिचकारी काढून नवा लेप लाविला. म्हणजे पुण्याहून निघतांना ते ती घेऊन आले होते. नातवानें बापास काय काय कळविलें होतें, तें आम्ही समजलों. विळीवर नारळ खवावा तशा सहजतेनें त्यांचे हात चालले होते. पांच महिन्यांत त्या हातांस कोणीं काम दिलें नव्हतें.

यंत्र पुन्हां करवंट्यांवर बसलें. सत्तावीस. नातवानें वहींत आंकडा लिहिला आणि त्याखालीं दोन रेघा ओढल्या.

"खिडकी अजून लहान केली तर तीस होतील," चिरंजीव म्हणाले. "आम्ही तिकिटाएवढी करायचों. विचार आजोबांना, किती बोलले होते ते."

"नको," नातू म्हणाला. त्यानें ती फाइल पुन्हां उघडली आणि सावल्यांच्या शून्यावर एक लिहिला. सत्तावीसांचे वीस झाले. "आजी, ये," त्यानें स्वयंपाकघराकडे हांक मारली. सौभाग्यवती हात पुशीत आली. राजी एका दीपमाळेखालून चालली होती, थोडी अडखळत. तिच्या पायाशीं एक काळपट, कडांस करवतलेली अशी सावली सरकत होती.

"हं. आली माणसांत," सौभाग्यवती म्हणाली, आणि दूध उतूं जाईल म्हणून परत गेली.

चिरंजीव आठ दिवस राहिले. दोघांनीं मिळून खेळ शेवटास नेला. एक पहाट याची, एक पहाट त्याची. नोकरीची गोष्ट त्यांनीं जाण्याच्या आदल्या रात्रीं, दिवे गेले असतां, अंधारांत सांगितली, आणि आम्हींहि ती प्रथमच ऐकत असल्याप्रमाणें ऐकली. पैशाचा प्रश्न तेव्हां कांहीं सुटला नाहीं. ५ जून रोजीं रक्कम जमा झाली. ती आम्हीं त्याच लॅपटॉपावरून परत पाठविली. सातव्या दिवशीं ती पुन्हां आली, पुन्हां पाठविली. तिसऱ्या खेपेस निम्मी आली, आणि ती आम्हीं ठेवून घेतली. ऑगस्टांत त्यांस पुण्यांतच दुसरें काम मिळालें. पगार पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून आमच्या यंत्रावरील विंडोजला तिच्या मालकांनीं आधार देण्याचें बंद केलें, आणि नवी विंडोज या वयाच्या चकतीस चालत नाहीं असें कळतें. कुंभकर्णास तें अजून कोणीं सांगितलेलें नाहीं. तो करवंट्यांवर आहे, आणि पूर्वीपेक्षां थोडा लवकर उठतो.